क्रिया, कृती आणि वर्तन

भाऊबीजेला ताई आली म्हणजे आमच्या घरी फराळापेक्षा गप्पांचेच ताट मोठे असते. तिची धाकटी मुलगी तालुक्याच्या कॉलेजात संगणक शिकवते. ती आली की घर हसते राहते. गेल्या दिवाळीत मात्र ती ओटीवर गप्प बसून होती, आणि पुढ्यातल्या चिवड्याच्या बशीला तिने हातही लावला नव्हता.

"काय ग, बरे नाही का?" मी विचारले.

"मामा, माझ्यामुळे एका मुलाची नोकरी गेली," ती म्हणाली.

मुलगा एका लहानशा वाडीवरचा, अकरावीत जाईपर्यंत सगळे शिक्षण मराठीतून झालेला. पुण्याच्या एका कंपनीत तो मुलाखतीला गेला. समोरच्या गृहस्थांनी कागदावर एक उभा चौकोन काढला, त्याचे आडवे तीन कप्पे केले, आणि तिसऱ्या कप्प्यावर बोट ठेवून विचारले, "यात काय लिहितात? आणि ऑपरेशन व मेथड यांत फरक काय?" पोराने उत्तर दिले, "साहेब, दोन्ही एकच. नावे दोन." त्यानंतर त्याला दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही. परत आल्यावर तो भाचीला भेटला आणि कसलाही राग न धरता म्हणाला, "मॅडम, तुम्ही वर्गात तसेच सांगितले होते."

"आणि मामा, मी खरोखरच तसे सांगितले होते."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मराठीचा मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून घरातले लोक शब्दांच्या बाबतीत मला थोडाफार मान देतात, एवढेच. मी तिची समजूत घालू लागलो. "अग, एका शब्दावरून का कोणी नोकरी नाकारते?"

"क्रिया आणि क्रियापद यांत गोंधळ केला म्हणून तुम्ही मुलांचा अर्धा गुण कापताच ना?"

यावर मला बोलायला जागा उरली नाही. 'धावणे' घडते ते मैदानावर, आणि 'धावतो' हे क्रियापद असते फळ्यावर, हे मीच वर्षानुवर्षे ओरडून सांगत आलो आहे. तेव्हा मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. पुढचे चार दिवस ती सांगत गेली आणि मी विचारत गेलो. ती गेल्यावर तिने ठेवलेली पुस्तके शब्दकोश शेजारी घेऊन वाचली. या साऱ्यातून एका शब्दाच्या भांडणाचा जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो.

आरंभी एक खुलासा करायला हवा. संगणकाला काम सांगण्याची जुनी रीत म्हणजे हुकुमांची लांबलचक यादी. आधी हे कर, मग ते कर. पुढे काही मंडळींना वाटले की जग काही याद्यांचे बनलेले नाही. ते वस्तूंचे, माणसांचे, व्यवहारांचे बनलेले आहे. मग संगणकातही तशाच वस्तू का मांडू नयेत? प्रत्येक वस्तूपाशी तिची स्वतःची माहिती असावी, आणि तिला काय काय करता येते तेही तिच्यापाशीच असावे. एकसारख्या वस्तूंचा जो साचा, त्याला ही मंडळी 'क्लास' म्हणतात. माझ्यासारख्या मास्तराला वर्ग म्हटले की पन्नास पोरांचा कलकलाट ऐकू येतो. त्यांचा वर्ग म्हणजे करंजीचा साचा, आणि त्यातून निघालेली एकेक करंजी ही वस्तू.

या विचाराचे जन्मगाव नॉर्वेतले ऑस्लो. तेथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन न्यूगोर आणि ओले-योहान डाल या दोघांनी १९६२ च्या सुमारास 'सिम्युला' नावाची भाषा रचायला घेतली. न्यूगोर त्याआधी संरक्षणखात्याच्या संशोधनसंस्थेत होते. गुंतागुंतीच्या कारभाराचा गणिताने अभ्यास करायचा हे त्यांचे काम. कारखान्यात माल कोठे तुंबतो, रांग कोठे वाढते, हे कागदावर मांडून पाहण्यासाठी त्यांना भाषा हवी होती. गणित तर व्हावेच, पण जे दिसते ते तसेच्या तसे लिहिताही यावे, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे त्यांच्यापुढे एक साधा प्रसंग उभा राहिला. एका पुलावर टोलनाका आहे आणि नाक्यापुढे वाहनांची रांग आहे. काही मालमोटारी, काही बसगाड्या. दोन्ही रांगेत उभ्या राहतात, दोन्ही टोल भरतात. तेवढ्यापुरत्या दोन्ही सारख्याच. पण एकीत माल, दुसरीत माणसे. मग जे समान आहे ते एकदाच लिहावे आणि जे वेगळे आहे ते पुढे जोडावे. या विचारातून १९६७ सालची सिम्युला उभी राहिली, आणि वर्ग, उपवर्ग, वस्तू हे शब्द रूढ झाले. दोनच वर्षांपूर्वी चालू झालेल्या पहिल्या सिम्युलात वर्गाच्या जागी 'ॲक्टिव्हिटी' असा शब्द होता. म्हणजे शब्दांची चाचपणी जन्मघरापासूनच चालू होती. वस्तूला जे करता येते, त्याला मात्र त्यांनी जुनेच 'प्रोसीजर' हे नाव राहू दिले. बाळाचे बारसे झाले, पण पाळण्यात अर्धेच नाव सांगितले गेले.

उरलेले अर्धे नाव समुद्रापार अमेरिकेत ठेवले गेले. १९६६ साली यूटा विद्यापीठात ॲलन के नावाचा नवा विद्यार्थी दाखल झाला. त्याच्या हाती काही टेपा देऊन सांगण्यात आले की ही अल्गॉल नावाची प्रसिद्ध भाषा आहे, पण चालत नाही, चालवून दाखव. कागदाची लांबच लांब गुंडाळी व्हरांड्यात पसरून तो सोबत्यासह ती वाचू लागला, तेव्हा उमगले की ही अल्गॉल नव्हेच, ही तर नॉर्वेहून आलेली सिम्युला! के यांचा पिंड जीवशास्त्राचा. त्यांना या वस्तू शरीरातल्या पेशींसारख्या दिसल्या. प्रत्येक पेशी आपल्या भिंतीआड सुरक्षित असते आणि दुसरीशी फक्त निरोपांनी बोलते.

पुढे कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात १९७२ पासून के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग आदी मंडळींनी 'स्मॉलटॉक' ही भाषा घडवली. तेथे एका वस्तूने दुसरीला पाठवायचा तो 'मेसेज', म्हणजे निरोप. तो निरोप मिळाल्यावर वस्तू ज्या रीतीने काम करते ती 'मेथड'.

हे वाचताना मला आमच्या शाळेची घंटा आठवली. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा. शिपाई त्यावर ठोका देतो, निरोप एकच. पण तो ऐकून पहिलीची पोरे दप्तरे उचलून पळतात, सातवीची वही मिटतात, मास्तर खडू ठेवतात आणि मुख्याध्यापक घड्याळ पाहतात. निरोप एक, कृती चार. ठोका देणाऱ्याला या चारांतली एकही कृती माहीत असण्याची गरज नाही. या एका गोष्टीत साऱ्या पंथाचे मर्म आहे. १९८३ साली गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉबसन यांनी स्मॉलटॉकवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा भेद स्वच्छ सांगितला आहे: वस्तूला करता येते ते ऑपरेशन, ते कसे करायचे याचे वर्णन म्हणजे मेथड. म्हणजे त्या मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या जन्माच्या पुष्कळ आधीच छापून झाले होते.

मग घोटाळा झाला कोठे? जो तो नवी भाषा काढू लागला आणि आपापल्या मनातल्या चित्राप्रमाणे नावे ठेवू लागला, तेथे. डेन्मार्कचे ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी केंब्रिजला असताना सिम्युला वापरली होती. ती त्यांना आवडली, पण तिची चाल संथ वाटली. १९७९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्यांनी सी या चपळ भाषेला वर्ग जोडायला घेतले. त्यातून 'सी प्लस प्लस' झाली. सी भाषेत काम करणाऱ्या तुकड्याला 'फंक्शन' म्हणतात, म्हणून वर्गातल्या तुकड्याचे नाव पडले 'मेंबर फंक्शन'. बर्ट्रांड मेयर या फ्रेंच गृहस्थांनी १९८५ च्या सुमारास 'आयफेल' रचली. त्यांनी म्हटले 'फीचर' आणि 'रूटीन'. १९९५ साली 'जावा' आली आणि तिने पुन्हा 'मेथड' शब्द उचलला. जावा जगभर पसरली, आणि तिच्याबरोबर ही सवयही पसरली की वर्गात जे काही करणारे असेल त्या सगळ्याला मेथड म्हणावे. जे नाव फक्त 'कसे' यासाठी होते, ते 'काय' यालाही चिकटले. माझ्या भाचीने शिकवले ते याच सवयीने. यात तिचा एकटीचा दोष नव्हता. तो तिला वारशात मिळाला होता.

दरम्यान काही शहाण्या माणसांनी प्रश्न दुसऱ्या टोकाने उचलला. त्यांनी विचारले, वस्तूची जबाबदारी कोणती? १९८९ साली वॉर्ड कनिंगहॅम आणि केंट बेक यांनी एक सोपी युक्ती मांडली. साधी चार बाय सहा इंचांची कार्डे घ्यावीत. प्रत्येकावर वर्गाचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि त्याचे सहकारी लिहावेत. आणि माणसांनी कार्डे हातात धरून, नाटकाच्या तालमीसारखे, आपापले काम बोलून दाखवावे. हे ऐकून मला मुख्याध्यापकांनी वाटलेले स्नेहसंमेलनाच्या कामांचे कागद आठवले.

चित्रे काढणाऱ्यांचेही पंथ झाले होते. अमेरिकेतले ग्रेडी बूच ढगांच्या आकाराने वर्ग दाखवीत. जेम्स रम्बॉ चौकोन काढीत. स्वीडनचे इव्हार याकोबसन माणसांच्या गरजांपासून सुरुवात करीत. एकाचे चित्र दुसऱ्याच्या शिष्याला कळेना. १९९४ आणि ९५ या दोन वर्षांत हे तिघे 'रॅशनल' नावाच्या एका कंपनीत एकत्र आले आणि त्यांनी एक सामाईक चित्रलिपी तयार केली. १९९७ च्या नोव्हेंबरात 'ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप' या संस्थेने तिला मान्यता दिली. हीच यूएमएल. मुलाखतीतला तो तीन कप्प्यांचा चौकोन याच लिपीतला: वरच्या कप्प्यात वर्गाचे नाव, मधल्यात गुण, तळच्यात ऑपरेशने.

येथे शब्दांचा निवाडा झाला. जे करून देण्याचे वर्ग कबूल करतो, ते ऑपरेशन. ते प्रत्यक्ष ज्या मजकुराने पार पडते, ती मेथड. एका ऑपरेशनला निरनिराळ्या उपवर्गांत निरनिराळ्या मेथडी असू शकतात. आणि 'बिहेवियर', म्हणजे वर्तन, हा या दोहोंहून मोठा शब्द. वस्तू काळाच्या ओघात कशी वागते, एका अवस्थेतून दुसरीत कशी जाते, हे सारे त्यात येते. ते तिसऱ्या कप्प्यात मावत नाही. त्यासाठी स्वतंत्र आकृत्या काढाव्या लागतात. इस्रायलचे डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली अवस्थांची चित्रे या लिपीने याचसाठी आपलीशी केली.

इतके ऐकून झाल्यावर मी भाचीला म्हणालो, "समजले असे वाटते, पण धरता येत नाही."

आमचे बोलणे आतून ऐकत असलेल्या आमच्या मंडळींनी कढईवरून न उठता सांगितले, "त्यात काय एवढे? हॉटेलात भिंतीवर पाटी असते ना? मिसळ, भजी, चहा. तिच्यावर कृती लिहितात का?"

भाची ताडकन उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली. मामीने एका वाक्यात तिचे सारे व्याख्यान उरकले होते. पाटीवर 'मिसळ' लिहिले आहे. म्हणजे मागितली तर मिळेल, एवढा शब्द दिला आहे. ते झाले ऑपरेशन. आत भटारखान्यात ती कशी करतात, कोल्हापुरी तिखटजाळ की पुणेरी बेताची, ही कृती म्हणजे मेथड. आचारी बदलला, कृती बदलली, तरी पाटी तीच राहते आणि गिऱ्हाइकाला नव्याने काही शिकावे लागत नाही. आणि हॉटेलचे वर्तन? सकाळी सातला उघडते, दुपारी दारे ओढून घेते, रस्सा संपला की 'मिसळ संपली' म्हणून सांगते. पाटी तीच, कृतीही तीच, पण उत्तर वेळेप्रमाणे निराळे. ते पाटी वाचून कळत नाही. चार दिवस त्या हॉटेलात जावे लागते.

आपल्या पाकपुस्तकांतही तीन भाग असतात: पदार्थाचे नाव, साहित्य आणि कृती. त्या चौकोनाचे तीन कप्पे पाहून कोणाही मराठी मुलाला हेच आठवणार, आणि तो तिसऱ्या कप्प्यात कृती शोधणार. त्याची चूक होते ती येथेच. तिसऱ्या कप्प्यात कृती नसते, पाटी असते.

कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला? त्याला एक खरी हकीकत सांगतो. १९९६ सालच्या जून महिन्याच्या ४ तारखेला दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातून युरोपीय देशांचे 'एरियान ५' हे नवे अग्निबाण पहिल्यांदा आकाशात झेपावले. सुमारे ४० सेकंदांत, जेमतेम ३७०० मीटर उंचीवर ते वाट सोडून वळले आणि फुटले. त्यात माणूस नव्हता, पण चार शास्त्रीय उपग्रह होते, ते गेले. कारण काय निघाले? दिशा राखणाऱ्या यंत्रणेतला संगणकाचा मजकूर जुन्या 'एरियान ४' वरून जसाच्या तसा उचलला होता. आडव्या वेगाशी निगडित असलेला एक मोठा आकडा तो लहान घरात भरू पाहत होता. त्या घरात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. जुन्या बाणाच्या चालीत तो कधी तितका वाढत नसे. नवा बाण जास्त वेगाचा, तेथे तो ओसंडला. राखीव यंत्रणेतही तोच मजकूर, म्हणून तीही त्याच क्षणी बंद पडली.

तो मजकूर काही वस्तुपंथाच्या भाषेतला नव्हता. पण पुढच्याच वर्षी मेयर आणि त्यांचे सहकारी झ्याँ-मार्क झेझेकेल यांनी लिहिले की या प्रसंगाचा खरा धडा कराराचा आहे. कृती उचलली, पण ती कोणत्या अटीवर चालते हे पाटीवर लिहिलेलेच नव्हते. यावर पुष्कळ वाद झाला, आणि केवळ अट लिहिल्याने बाण वाचला असता असे मीही म्हणणार नाही. परंतु 'काय देईन आणि कोणत्या अटीवर देईन' हे 'कसे करीन' यापासून वेगळे लिहून ठेवावे, एवढे तर कोणालाही पटावे. संसारातही निम्मी भांडणे हे दोन्ही एक धरल्यामुळेच होतात.

आता उरला मराठी शब्दांचा प्रश्न. 'ऑपरेशन' म्हटले की आपल्याकडे लोक डबा घेऊन दवाखान्यात जातात. 'मेथड' म्हटले की बी. एड. झालेले आमचे सहकारी आपला अध्यापनाचा विषय सांगू लागतात. मला शाळेतले संस्कृत आठवले. वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य असे पदार्थ सांगितलेच आहेत. वस्तू, तिचे गुण, तिचे कर्म आणि अनेकांत समान असणारे सामान्य! क्षणभर मोह झाला, की हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊक होते असे ठोकून द्यावे. पण ते खरे नव्हे. त्यांचा प्रश्न जगात काय काय आहे हा होता, संगणकाला काम कसे सांगावे हा नव्हता. भाचीनेही हसून सांगितले, "कर्म नको, मामा. पोरे नशीब समजतील."

शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभार आपल्या लोकांना आपल्या शब्दांत चालवता यावा म्हणून. आम्ही मामा-भाची एवढा मोठा विचार करणारे नव्हतो. एका खोलीतल्या चाळीस मुलांपुरता तो केला. ऑपरेशनला 'क्रिया', मेथडला 'कृती', बिहेवियरला 'वर्तन'. इंग्रजी शब्दही शेजारी राहू द्यायचे, कारण पोरांना मुलाखत द्यायची आहे. मात्र वर्गात आधी हॉटेलची पाटी, मग चौकोन, आणि शेवटी इंग्रजी नावे, असा क्रम ठरला.

जाण्याच्या दिवशी सकाळी तिने त्या मुलाला फोन लावला. मी ओटीवरच होतो. "मी तुला चुकीचे शिकवले होते," ती म्हणाली. एवढे म्हणायला तिला मोठा श्वास घ्यावा लागला. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत हे वाक्य मी किती वेळा बोललो, ते मोजायला मला एका हाताची बोटेही लागणार नाहीत. मग तिने त्याला पाटीची, भटारखान्याची आणि संपलेल्या मिसळीची गोष्ट सांगितली. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. नंतर तो काहीतरी बोलला आणि भाची हसली.

"काय म्हणाला?" मी विचारले.

"म्हणाला, मॅडम, पुढच्या महिन्यात दुसरीकडे मुलाखत आहे. तिसऱ्या कप्प्याचे आता पक्के. पहिल्या दोन कप्प्यांचेही एकदा नीट सांगाल का?"

ती बशी ओढून चिवडा खाऊ लागली, आणि खाता खाता वहीत नवा चौकोन काढायला बसली.